कुत्र्याच्या डोळ्याभोवतीची हाडाची गाठ

शिरोळ तालुक्यात जनावरांचा दवाखाना म्हणजे मुख्यतः गाई-म्हशींचा दवाखाना. ऊस आणि दूध यांवर चालणाऱ्या पट्ट्यात ते साहजिकच आहे. कासदाह, कृत्रिम रेतन, व्यायला अडलेली म्हैस यांतून डॉक्टरांना उसंत मिळत नाही. अशा ठिकाणी वस्तीवरच्या कुत्र्याच्या भुवईवर टेंगूळ आले, तर निकाल बहुधा गोठ्यातच लागतो. कोणी बोटाने दाबून सांगतो, ‘कडक आहे, हाडच वाढलंय, काही होत नाही.’ दुसरा सांगतो, ‘कॅन्सर आहे, उगीच खर्च करू नका.’ दोन्ही निकाल बोटाने दिलेले असतात, आणि नेमके हेच बोटाला ठरवता येत नाही.

डोळ्याभोवतीच्या हाडाची गाठ साधी असू शकते. साधी म्हणजे जागेवरच वाढणारी, शरीरात इतरत्र न पसरणारी. पूर्ण काढली तर कुत्रे त्यातून कायमचे मोकळे होते. मात्र कुत्र्याच्या डोळ्याच्या खोबणीत होणाऱ्या एकूण गाठींपैकी दहातल्या नवाच्या आसपास गाठी घातक निघतात. त्यामुळे ‘साधी आहे’ हे सगळ्या तपासण्यांच्या शेवटी म्हणायचे वाक्य आहे. दुसऱ्या बाजूने, घातक असेल या भीतीने काहीच न करणे म्हणजे उरलेल्या एका कुत्र्याचा बरा होण्याचा हक्क काढून घेणे.

खोबणीची रचना

गाई-म्हशीच्या किंवा माणसाच्या डोळ्याभोवती हाडाचे पूर्ण कडे असते. कुत्र्याचे कडे अपुरे असते. बाहेरच्या बाजूला, कानाकडे, कपाळाचे हाड आणि गालाचे हाड यांच्यामध्ये फट राहते आणि ती एका चिवट तंतुमय पट्ट्याने सांधलेली असते. खोबणीच्या तळालाही हाड नाही. तिथे चावण्याचे स्नायू आणि एक लाळग्रंथी आहे, आणि त्यांच्या खाली थेट तोंडाचा मागचा भाग.

एवढ्या माहितीवरून पुढच्या पुष्कळ गोष्टी कळतात. कुत्रे तोंड उघडते तेव्हा खालच्या जबड्याचे वर गेलेले टोक डोळ्याच्या मागच्या जागेत सरकते. तिथे पू, सूज किंवा गाठ असेल तर जांभई देतानाही ते कळवळते. गालाच्या हाडावर मोठी गाठ असेल तर तोंड पूर्ण उघडतच नाही. मग मालक सांगतो, ‘भाकरी खात नाही,’ आणि उपचार पोटाचे सुरू होतात.

डोळ्याच्या वर आणि थोडी आत कपाळाच्या हाडातली पोकळी असते. बैलाच्या शिंगाचा कॅन्सर या भागातल्या जुन्या शेतकऱ्यांना ऐकून माहीत असतो; त्यात शिंगातून याच पोकळीत रोग उतरतो आणि नाकपुडीतून रक्त येते. कुत्र्यातही नाकातून किंवा कपाळाच्या पोकळीतून निघालेली गाठ हाड पोखरून डोळ्यापर्यंत येते. म्हणून टेंगूळ डोळ्याजवळ असले तरी नाकाची चौकशी चुकवता येत नाही.

सूज आहे, पण गाठ आहे का?

डोळ्याखाली, नाकाच्या बाजूला सूज आली तर पहिला संशय दातावर घ्यावा. कुत्र्याच्या वरच्या जबड्यात मांस-हाड कातरणारी एक मोठी दाढ असते, तीन मुळांची. हाड किंवा दगड चावताना तिचा कपचा उडतो, मुळाशी पू होतो आणि सूज बरोबर डोळ्याखाली येते. कधी तिथली कातडी फुटून घाण वाहते. अँटिबायोटिक दिले की उतरते, बंद केले की पुन्हा येते. महिनोन् महिने हे चक्र चाललेली कुत्री असतात. दाढ काढली की प्रश्न मिटतो.

दोन-चार दिवसांत डोळा पुढे आला, ताप आहे, तोंड उघडताना कुत्रे ओरडते, तर डोळ्यामागे पू झाल्याची शक्यता जास्त. माळावरचे कुसळ तोंडातून किंवा पापणीतून आत शिरून असे होऊ शकते. हाडाची गाठ इतक्या घाईने वाढत नाही. लाळग्रंथीतून लाळ झिरपून झालेली सूज मऊ लागते. दोन्ही डोळे एकदम पुढे आले आणि जबडा आखडला, तर चावण्याच्या स्नायूंचा दाह मनात धरावा लागतो.

गावच्या मोकाट कुत्र्यांत आणखी एक कारण फार महत्त्वाचे आहे, आणि शहरी पुस्तकी यादीत ते खाली ढकलले जाते. टीव्हीटी नावाची संसर्गजन्य गाठ कुत्र्यांत समागमातून पसरते, पण हुंगण्या-चाटण्यातून नाकातही रुजते. तिथे वाढताना ती चेहऱ्याचे हाड झिजवते, नाकातून रक्त येते आणि डोळ्याजवळ फुगवटा दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, आता संपले. प्रत्यक्षात सुईने पेशी काढून काचेवर पाहिल्या तर निदान बहुधा तिथेच होते आणि आठवड्याला एक याप्रमाणे व्हिन्क्रिस्टीनची काही इंजेक्शने दिल्यावर बहुतेक कुत्री बरी होतात. चाकू लागत नाही. डोळ्याजवळ टेंगूळ आणि नाकातून रक्त अशी जोडी दिसली तर टीव्हीटी वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

वाढत्या वयाच्या काही जातिवंत पिल्लांत कवटीची हाडे काही महिने जाड होतात आणि वाढ थांबली की ते आपोआप थांबते. जुन्या मारामुळे भरून आलेले हाडही टेंगळासारखे लागते. ‘काठी बसली होती का, दुचाकीची धडक झाली होती का’ हे डॉक्टरांनी विचारले तर खरे सांगावे.

साध्या गाठी

यांत मुख्य ऑस्टिओमा. घट्ट, पक्क्या हाडाचीच बनलेली, गुळगुळीत, कडा स्पष्ट असलेली गाठ. कुत्र्यात ती जबडा, कपाळ, गालाचे हाड आणि नाकाजवळच्या पोकळ्या अशा डोक्याच्या हाडांवरच जास्त आढळते. महिन्यांनी, कधी वर्षांनी वाढते. स्वतः दुखत नाही. त्रास होतो तो जागा अडवल्याने. खोबणीच्या कडेवर आली तर डोळा ढकलते, अश्रूंची नळी दाबते, पापणी मिटू देत नाही.

दुसरी गाठ तंतुमय ऊतक आणि हाड यांच्या मिश्रणाची, ऑसिफायिंग फायब्रोमा. ती अधिक करून जबड्यात दिसते, डोळ्याच्या कडेला क्वचित. तिसरी, कूर्चेची टोपी असलेली ऑस्टिओकॉन्ड्रोमा, वाढत्या कुत्र्यांची. पण ती कूर्चेतून तयार होणाऱ्या हाडांवर येते आणि डोळ्याभोवतीची बहुतेक हाडे तशी तयार होत नाहीत. त्यामुळे इथे ती विरळाच.

साध्या गाठीचा रेंगाळता स्वभाव तिचाच शत्रू ठरतो. ‘दोन वर्षांपासून आहे’ हे वाक्य दिलासा म्हणून सांगितले जाते. तेवढ्या काळात ती सुपारीएवढीची लिंबाएवढी होते आणि जे काम लहान शस्त्रक्रियेत झाले असते त्यासाठी अर्धी खोबण उघडावी लागते.

साधी वाटणारी, पण तशी नसलेली

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण फसगत इथेच होते.

कवटीच्या सपाट हाडांवर, कपाळ, गाल, डोळ्याची कड किंवा डोक्याचा मागचा भाग इथे, एक वेगळी गाठ होते. तिचे नाव लांबलचक आहे, मल्टिलोब्युलर ऑस्टिओकॉन्ड्रोसार्कोमा. डॉक्टर मंडळी एमएलओ म्हणतात. मध्यम आणि मोठ्या बांध्याच्या, वय झालेल्या कुत्र्यांत ती जास्त दिसते. आठ वर्षांच्या आसपास. हाताला ती ऑस्टिओमासारखीच कडक आणि न हलणारी, वाढही तशीच सावकाश. सीटी स्कॅनमध्ये मात्र ओळख पटते: असंख्य छोटे गोलसर दाणे एकमेकांना चिकटून लाह्यांचा लाडू वळावा तशी ती दिसते.

एके काळी हिची नावेही साध्या गाठीचीच होती. पुढे कळले की ती परत येते आणि उशिरा का होईना फुप्फुसात पसरते. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 39 कुत्र्यांच्या अमेरिकी अभ्यासात उपचार झालेल्यांपैकी निम्म्याच्या जवळपास कुत्र्यांत गाठ त्याच जागी परत आली होती आणि निम्म्याहून थोड्या अधिक कुत्र्यांत ती पसरली होती. तरीही उपचारानंतर निम्मी कुत्री दोन वर्षांहून अधिक जगली. म्हातारपणाकडे झुकलेल्या कुत्र्याला दोन वर्षे म्हणजे थोडीथोडकी नव्हेत. तेव्हा हे निदान झाले तरी हात झटकण्याचे कारण नाही. मात्र शस्त्रक्रिया ऑस्टिओमासारखी कडेकडेने खरवडून चालत नाही, भोवतालचे चांगले हाडही घ्यावे लागते.

या गाठीच्या एका प्रसिद्ध रुग्णाची गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. 2018 मध्ये कॅनडातील ऑन्टारिओ पशुवैद्यकीय महाविद्यालयात मिशेल ओब्लाक या शल्यविशारद डॉक्टरांनी पॅचेस नावाच्या नऊ वर्षांच्या डॅशहुंड कुत्रीवर शस्त्रक्रिया केली. तिची गाठ मेंदूवर आणि डोळ्याच्या खोबणीवर दाब देत होती. कवटीचा वरचा सुमारे सत्तर टक्के भाग काढून तिथे तिच्या सीटी स्कॅनवरून थ्री-डी प्रिंटरवर बनवलेली टायटॅनियमची टोपी बसवली. शिरोळच्या माणसाने यावरून टायटॅनियमची आस धरावी असे मी म्हणणार नाही. घेण्यासारखी गोष्ट अशी की ती टोपी शस्त्रक्रियेच्या आधीच मापात तयार होती, कारण कुठवर कापायचे हे स्कॅनवर आधीच ठरले होते.

दुसऱ्या प्रकारची फसगतही आहे. गोल्डन रिट्रीव्हरसारख्या जातींत वरच्या जबड्याची एक तंतुमय गाठ सूक्ष्मदर्शकाखाली अगदी साधी दिसते, पण प्रत्यक्षात हाड खात सुटते. म्हणून फक्त प्रयोगशाळेच्या कागदावर विसंबायचे नाही आणि फक्त स्कॅनवरही नाही. दोन्ही एकत्र वाचून जो निष्कर्ष निघेल तो धरायचा. दोन्हींत मेळ नसेल तर तुकडा पुन्हा काढायचा.

घरी काय पाहायचे

कुत्र्याला समोर बसवा आणि मागे उभे राहून वरून त्याच्या डोक्याकडे पाहा. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आहे का, हे समोरून पाहण्यापेक्षा असे चटकन कळते. डोळा कुठल्या दिशेला ढकलला गेला आहे तेही पाहा. गाठ बहुधा त्याच्या विरुद्ध बाजूला असते. कपाळाच्या हाडाची गाठ डोळ्याला खाली दाबते, गालाच्या हाडाची आत आणि वर. नाकाकडच्या कोपऱ्यातला तिसरा पडदा वर सरकून दिसत असेल तर मागे दाब आहे असे समजावे.

मोबाइलवर दर पंधरा दिवसांनी त्याच कोनातून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. डॉक्टरांना ‘वाढतंय असं वाटतं’ यापेक्षा चार फोटो जास्त उपयोगी पडतात.

एक गोष्ट मात्र करू नका. मेडिकलमधून ‘डोळ्याचे ड्रॉप’ आणून घालू नका. त्यांतल्या कित्येकांत डेक्सामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. पुढे आलेल्या डोळ्याची पापणी नीट मिटत नाही, बुब्बुळ कोरडे पडून त्यावर जखम होते, आणि जखमेवर स्टेरॉइड पडले की बुब्बुळ काही दिवसांतच विरघळू लागते. गाठ साधी निघते आणि डोळा ड्रॉपने जातो. माणसांच्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्याही कुत्र्याला देऊ नयेत. पोटात व्रण होऊन रक्त जाते, मूत्रपिंडे निकामी होतात.

दवाखान्यातली पहिली तपासणी

डॉक्टर मिटलेल्या पापण्यांवरून दोन्ही डोळे अलगद मागे दाबून पाहतात. निरोगी डोळा मऊपणे मागे जातो. मागे गाठ असेल तर अडतो. बुब्बुळावर फ्लुरेसिनचा हिरवा रंग टाकून जखम पाहिली जाते, कागदाच्या पट्टीने अश्रू मोजले जातात. काचबिंदूमुळे मोठा झालेला डोळा आणि मागून ढकललेला डोळा यांची गल्लत होऊ नये म्हणून डोळ्यातला दाबही मोजतात. तोंड उघडून दाढा, टाळू आणि शेवटच्या दाढेमागची जागा पाहायची. दोन्ही नाकपुड्यांतून हवा येते का, हे थंड काच धरून पाहता येते. जबड्याखालच्या लसिका गाठी चाचपायच्या.

रक्ततपासणीत आपल्या भागात एका गोष्टीवर विशेष लक्ष हवे. गोचिडांमुळे होणारा एर्लिकिओसिस हा ताप इथल्या कुत्र्यांत सर्रास दिसतो आणि त्यात रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, घटतात. कुत्रे वरून धडधाकट दिसते. चेहऱ्याच्या हाडांना रक्तपुरवठा दांडगा असतो. प्लेटलेट्स न मोजता तिथे चाकू लावणे धोक्याचे. आधी गोचीडतापाचा उपचार, मग शस्त्रक्रिया.

एक्स-रे आणि सीटी

एक्स-रे निरुपयोगी नाही. तिरक्या कोनातून घेतला तर दाढेच्या मुळाशी झालेला पू कळतो, हाड वाढले आहे की खाल्ले गेले आहे याचा अंदाज येतो. मात्र कवटीची दोन्ही बाजूंची हाडे फिल्मवर एकमेकांवर येतात, त्यामुळे खोबणीच्या आत काय आहे ते नीट दिसत नाही. छातीचे एक्स-रे तर काढलेच पाहिजेत, उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि पाठीवर झोपवून असे तीन. फुप्फुसात डाग असतील तर डोळ्याजवळच्या शस्त्रक्रियेचा हिशेबच बदलतो.

गाठीचा खरा नकाशा सीटी स्कॅनमध्ये मिळतो. तो पातळ कापांचा, एक मिलिमीटरच्या आसपासचा हवा. त्यासाठी कुत्र्याला गुंगी किंवा पूर्ण भूल द्यावी लागते. ऑस्टिओमा स्कॅनवर एकसंध पांढरी दिसते, कडा आखल्यासारख्या, शेजारचे हाड शाबूत. हाड कुरतडलेले, कडा विस्कटलेल्या, बाजूच्या मांसात घुसखोरी असे चित्र असेल तर संशय वाढतो. गाठ मेंदूच्या आवरणाला टेकली आहे का, दृष्टीची नस कुठे आहे, कपाळाच्या पोकळीत ती किती उतरली आहे, हे शल्यविशारदाला चाकू हातात घेण्याआधी कळायला हवे. मेंदूत शिरल्याचा संशय असेल तरच एमआरआय लागतो. डोळ्यामागचा पू किंवा मऊ गाठ पाहायला सोनोग्राफी पुरते आणि ती स्वस्तही पडते; हाडाच्या आत मात्र तिला दिसत नाही.

तुकडा काढणे

मऊ गाठीत सुई घालून पेशी काढणे सोपे. टीव्हीटी त्यातच पकडली जाते. पक्क्या हाडाच्या गाठीत सुई शिरत नाही, शिरली तरी पेशी येत नाहीत. तिथे भूल देऊन हाडाच्या खास पोकळ सुईने किंवा छोट्या छेदातून तुकडा घ्यावा लागतो.

तुकडा वरवरचा घेतला तर हमखास घोटाळा होतो. कोणत्याही गाठीभोवती शरीर नवे हाड घालते. तेवढेच आले तर अहवालात ‘साधी हाडवाढ’ असे येते आणि आत ऑस्टिओसार्कोमा, म्हणजे हाडाचा कॅन्सर, राहून जातो. तुकडा मध्यापर्यंत, खोल घ्यावा, आणि अशा वाटेने घ्यावा की पुढच्या शस्त्रक्रियेत ती वाटही गाठीबरोबर काढून टाकता येईल. हाडातला चुना विरघळवल्याशिवाय त्याचे काप निघत नाहीत, त्यामुळे अहवालाला मऊ गाठीपेक्षा जास्त दिवस लागतात. त्या काळात डॉक्टरांवर घाईचा दबाव टाकू नये.

थांबायचे की काढायचे

ऑस्टिओमा आहे हे नक्की झाले, ती लहान आहे, डोळा मिटतो, खाणे-श्वास व्यवस्थित आहे, तर थांबता येते. फोटो चालू ठेवायचे आणि सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन. बारा-तेरा वर्षांच्या, हृदय थकलेल्या कुत्र्याला केवळ दिसायला बरे वाटावे म्हणून भूल देण्यात मला अर्थ दिसत नाही.

पापणी मिटेनाशी झाली, बुब्बुळावर वारंवार जखम होऊ लागली, नजर कमी झाली, तोंड उघडेना, नाक बंद झाले किंवा फोटोंत वाढ स्पष्ट दिसली, तर काढावी. तरुण कुत्र्यात डोळ्याच्या कडेलाच वाढणारी गाठ असेल तर त्रासाची वाट न पाहता लहान असतानाच काढणे शहाणपणाचे. पुढे तिला वाढायला आठ-दहा वर्षे मोकळी असतात.

साध्या हाडगाठीवर औषध नाही. हाड विरघळवणारा लेप, काढा, इंजेक्शन असे काहीही कोणी देत असेल तर ते घेऊ नये. डाग देण्याचा प्रकार तर डोळ्याजवळ निव्वळ क्रूर आहे.

शस्त्रक्रिया

कडेवर बसलेली लहान ऑस्टिओमा छिन्नीने किंवा फिरत्या बरने मुळापासून सपाट करता येते. खोलवरच्या गाठीसाठी गालाच्या हाडाची कमान दोन ठिकाणी कापून बाजूला सरकवतात, डोळ्यामागची जागा उघडतात, आणि काम झाल्यावर कमान तारेने किंवा छोट्या प्लेटने परत बसवतात. डोळा जागेवर राहतो. गाठ खोबणीच्या भिंतीतच असेल तर भिंतीचा तेवढा भाग काढावा लागतो. उरलेल्या पोकळीत कानशिलाचा स्नायू वळवून डोळ्याला आधार देतात.

डोळ्यावर ओढ बसली की हृदयाचे ठोके एकदम मंदावू शकतात. म्हणून भूल देणाऱ्याचे लक्ष सतत मॉनिटरवर हवे आणि अॅट्रोपिन हाताशी हवे. ही शस्त्रक्रिया एकट्या डॉक्टरने, इंजेक्शनच्या भुलेवर, मॉनिटरशिवाय करण्याची नाही.

आपल्याकडे पाळल्या जाणाऱ्या कारवानी किंवा मुधोळ कुत्र्यांबद्दल एक जादा सूचना. 2005 मध्ये टपाल तिकिटावर झळकलेली ही जात शिरोळपासून आग्नेयेला असलेल्या मुधोळच्या नावाने ओळखली जाते. अंगात चरबी नावापुरती, तोंड निमुळते, हाडांवर कातडी ताणलेली. त्यामुळे टेंगूळ लवकर दिसते, ही जमेची बाजू. पण अशा सडपातळ शिकारी जातींना थायोपेंटोनसारख्या औषधांची भूल उतरायला फार वेळ लागतो. कुत्रे कारवानी आहे हे भूल देणाऱ्याला आवर्जून सांगावे.

गाठ घातक निघाली किंवा डोळा आधीच निकामी झाला असेल तर डोळ्यासकट खोबण रिकामी करण्याचा सल्ला मिळतो. मालक इथे सर्वांत जास्त कचरतात. पण एका डोळ्याचे कुत्रे काही दिवसांत सरावते, राखण करते, खेळते. दुखरा, न मिटणारा डोळा जपण्यापेक्षा ते बरे.

घरी आणल्यावर

गळ्यात प्लास्टिकची कॉलर टाके निघेपर्यंत हवीच. एका पंजाच्या फटक्यात सगळे काम उसवते. दहा-बारा दिवस दूध-भाकरीचा काला, मऊ भात, हाड अजिबात नाही. पापण्या तात्पुरत्या शिवल्या असतील तर ते टाके डॉक्टरच काढतील. जखमेवर माशी बसू देऊ नये. अळ्या पडायला पावसाळ्यात एक दिवस पुरतो. गोठ्यात बांधण्यापेक्षा कुत्रे घरात ठेवावे. सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते, मग उतरते. त्यानंतर पुन्हा वाढली, पू आला किंवा डोळा लाल होऊन पाणी थांबेना, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

ऑस्टिओमा पूर्ण निघाली असेल तर बहुधा परत येत नाही. एमएलओ असेल तर दर तीन-चार महिन्यांनी तपासणी आणि छातीचा एक्स-रे, तोही काही वर्षे.

शिरोळहून कुठे

पहिली पायरी गावातले किंवा तालुक्याचे डॉक्टरच. दात, पू, टीव्हीटी, गोचीडताप हे चारही प्रश्न तिथे किंवा जयसिंगपूर, सांगली, कोल्हापूरच्या लहान प्राण्यांच्या दवाखान्यांत सुटू शकतात, आणि टेंगूळ घेऊन आलेल्या बऱ्याच कुत्र्यांचा प्रवास तिथेच संपतो. पुढे जायचे तर सातारा जिल्ह्यातील शिरवळचे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय पुण्याच्या महामार्गावरच आहे. मुंबईत परळचे 1886 साली स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि महालक्ष्मी येथे 2024 मध्ये सुरू झालेले टाटा ट्रस्टचे लहान प्राण्यांचे रुग्णालय आहे. काही शहरांत माणसांची सीटी केंद्रे कामाची वेळ संपल्यावर कुत्र्याचा स्कॅन करून देतात. मिरज-सांगलीत तसे जमते का, हे डॉक्टरांनाच फोन करायला सांगावे. प्रवासाआधी खर्च टप्प्याटप्प्याने विचारून घ्यावा: स्कॅनचा, तुकड्याचा, शस्त्रक्रियेचा. स्कॅननंतर थांबण्याचा निर्णयही घेता येतो, आणि तो पैसा वाया गेलेला नसतो.

काढलेल्या गाठीचे काय होते

हा प्रश्न फार थोडे मालक विचारतात. शस्त्रक्रियेआधीचा तुकडा हा गाठीचा एक कण असतो; खरे निदान पूर्ण गाठ तपासल्यावरच होते. कडेपर्यंत चांगले हाड आले आहे का, म्हणजे काही मागे राहिले का, हेही त्यातच कळते. तरी कित्येकदा गाठ ट्रेमध्ये दाखवली जाते, मोबाइलवर फोटो निघतो आणि ती कचऱ्यात जाते. मग वर्षाने त्याच जागी टेंगूळ आले की आधीचे काय होते हे सांगायला कोणाकडे काही नसते. तेव्हा बिल भरण्याआधी एवढे विचाराच: गाठ दहापट फॉर्मालिन भरलेल्या रुंद तोंडाच्या बरणीत ठेवली का, बरणीवर कुत्र्याचे नाव आणि तारीख आहे का, आणि ती कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आहे. सीटीचा अहवाल बरणीबरोबर पाठवायला सांगा आणि अहवालाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा.